डब्लिनच्या बाजारातली जपानी

"इकुरा कुदासाई," घोकलेलं वाक्य आसावरीने एका दमात म्हणून टाकलं.

तंबूखाली दुकान मांडून बसलेल्या योशिदाबाई प्रसन्न हसल्या आणि त्यांनी भाताचा त्रिकोणी गोळा तिच्या हातावर ठेवला. टोकाला केशरी मोत्यांसारखं काहीतरी चमकत होतं.

"अगं बाई... हे काय?" ती पुटपुटली.

"माशाची अंडी," मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "भाव विचारायचा होता ना? मग 'इकुरा देसु का' म्हणायचं. माशाच्या अंड्यांनाही इकुराच म्हणतात... तुम्ही नेमकी तीच मागितलीत."

तिने वळून पाहिलं. भुरभुर पावसात छत्री न घेता आलेला एक उंच मुलगा हसू दाबत उभा होता. ती शाकाहारी आहे हे कळल्यावर तो गोळा त्याने स्वतः खाल्ला आणि तिच्यासाठी लोणच्यासारख्या आंबट प्लमचा गोळा मागून घेतला. त्याचं नाव सिद्धेश. पुण्याचा. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत इंजिनिअर.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये जपानी कुटुंबं बरीच. उन्हाळ्यात शनिवारी एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये त्यांचा बाजार भरायचा. तिथे दोघं भेटू लागली, म्हणायला जपानीच्या प्रॅक्टिससाठी. ती मुळ्याकडे बोट दाखवून "कोरे", म्हणजे 'हे', म्हणायची, तो तिच्या उच्चारांची थट्टा करायचा. एकदा त्याने पैज लावली म्हणून तिने नागपुरी धिटाईने घासाघीस केली. योशिदाबाईंनी भाव तसूभरही कमी केला नाही, पण हसता हसता वर एक जुडी दिली. ती पिशवीत टाकताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि दोघंही उगाच मुळ्याबद्दल बोलत राहिली.

जपानी का शिकतेस, असं त्याने विचारलं तेव्हा ती हौस म्हणाली होती. खरं वेगळंच होतं. व्हिसाच्या लॉटरीत तिचं नाव यंदाही आलं नव्हतं आणि कंपनी तिला ओसाकाच्या ऑफिसात पाठवणार होती. हे सांगितलं, तर तो शनिवारी येणं बंद करेल अशी तिला भीती वाटायची.

पण तिकीट आलं. त्या शनिवारी, तंबूच्या कडेवरून पाणी ठिबकत असताना, तिने खाली बघत सगळं सांगून टाकलं.

 सिद्धेश फुटपाथच्या कडेला बसला आणि हसायला लागला. आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती निघालीच होती, तेवढ्यात त्याने तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"थांब ना. कंपनी मला फुकट जपानी शिकवतेय, ती कशाला? मला तीन वर्षांसाठी कोबेला पाठवायचंय त्यांना. सगळा उन्हाळा मी टाळतोय. सोमवारी नाही म्हणून सांगणार होतो."

"का?"

"तू इथे आहेस म्हणून, यार. दुसरं काय?"

तिला आधी कळलंच नाही. मग तीही त्याच्या शेजारी, ओल्या फुटपाथवरच बसली. "कोबे... ओसाकापासून किती लांब आहे रे?"

"ट्रेनने अर्धा तास."

कित्येक आठवडे छातीवर ठेवलेलं ओझं कुणी अलगद उचलून न्यावं तसं तिला झालं. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच समजेना.

योशिदाबाई काळजीने बाहेर आल्या. काय झालं, असं बहुधा विचारत होत्या. एवढं सगळं सांगण्याइतकी जपानी दोघांनाही येत नव्हती. सिद्धेशने शब्द जुळवून पाहिले. "इश्शो नि... निहोन ए... इकिमासु." आम्ही सोबत जपानला जातोय.

योशिदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग आसावरीकडे बघून त्यांनी मान जराशी तिरपी केली, खरंच का, असं विचारल्यासारखी.

आसावरीने सिद्धेशचा ओला हात हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. मराठीतच. पण बाईंना कळलं.