डाव्या कमानीवरचं वजन

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या, मधेच दात काढलेले मला खपत नाहीत. माझे आजोबा कोंडीबा दारूला कधी शिवले नाहीत आणि थापाड्या माणसाला दारात उभं करत नसत. त्यांनी सांगितलं तेच सांगतो.

साल एकोणीसशे चौतीस. गाव सोलापूर.

आणि रात्रबित्र काही नव्हती... भर दुपार होती.

आजोबा शंकरप्पा नावाच्या आडत व्यापाऱ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. शंकरप्पांची आई चंद्रव्वा. तिला सगळे अव्वा म्हणायचे. म्हातारीला मोटारीचं लई वेड. पण गुडघे गेलेले, आणि मोटारीची पायरी उंच.

शंकरप्पांनी भीमा लोहाराला बोलावलं. मोटारीच्या कमानी म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. भीमानं मागच्या दोन्ही कमानींतल्या दोन-दोन पट्ट्या काढल्या. मोटार चार बोटं खाली बसली आणि अव्वा आपली आपण चढायला लागली.

रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत फेरी. तिची जागा ठरलेली, मागं डावीकडं. आजोबा विचारायचे, निघू का अव्वा? ती कानडीत म्हणायची, नडी. म्हणजे चल. मगच मोटार हलायची.

वैशाखात अव्वा गेली.

लिंगायतांत मयताला बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. माती अक्कलकोटच्या बाजूला त्यांच्या शेतात द्यायची होती. म्हणून त्या भर दुपारी अव्वाला मोटारीतच बसवलं.

मागं. डावीकडं.

कपाळाला भस्म, गळ्यात हार. शंकरप्पा तिला धरून शेजारी बसले. आजोबा पुढं बसले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"निघू का अव्वा?"

मेलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? मयताच्या घरातून निघताना आपण 'येतो'सुद्धा म्हणत नाही. पण जीभ घसरली ती घसरली. वर विचारलं म्हणून ते थांबलेही.



आणि डावी कमान कुरकुरली...

शंकरप्पांनी डोळे पुसत हातानंच निघायची खूण केली. मोटार निघाली. माती झाली. शंकरप्पा भावकीबरोबर शेतावरच राहिले आणि आजोबा रिकामी मोटार घेऊन परतले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला कमान वाजत होती.

एकच. डावी.

दुसऱ्या दिवशी बघतात तर मोटार डावीकडं कललेली. आत कुणी नाही, काही नाही. भीमाला आणलं. त्यानं काढलेल्या पट्ट्या परत बसवल्या. उजवी बाजू वर आली.

डावी आली नाही...

भीमा खाली वाकून हात लावून बघत होता. एकदम उठला आणि काचेतून आत डोकावला. म्हणाला, "कोंडीबा, कमानीला कायबी झालं न्हाय. हिच्यावर वजन हाय."

त्यानं हत्यारं गोळा केली आणि गेला. मजुरी मागितली नाही.

शंकरप्पांच्या कानावर घातलं, मोटार विकून टाका म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. आईला मोटार आवडायची, रोजची फेरी चालू ठेव, म्हणाले. आता काय बोलायचं सांगा! आजोबा रोज रिकामी मोटार तळ्यापर्यंत न्यायचे, मागं न बघता.

जेठात आजीचे दिवस भरले. आजी म्हणजे सोजरबाई. पहिली खेप. सकाळपासून कळा, आणि दुपारी सुईणीनं हात टेकले. पोर आडवं आलंय, दवाखान्यात न्या, न्हायतर दोघंबी जातील, म्हणाली. टांग्यात ती तग धरणार नव्हती. शंकरप्पांनी विचारायच्या आत किल्ली दिली.

मोटार दारात आणली. आजीला मागं आडवं करायचं होतं. जागा तर तीच...

आजोबा दाराशी थबकले. पण बायको डोळ्यांदेखत चालली होती. त्यांनी दार उघडलं आणि रिकाम्या जागेला हात जोडले.

"अव्वा, सरा जरा. माझी बायकू हाय."

कमान कुरकुरली...

डावी बाजू दोन बोटं वर आली.

आजीला निजवलं. सुईण पुढं बसली. वाटेत आजीनं डोळे मिटूनच विचारलं, "मांडी कुणाची ही? लई गार हाय."

सुईण पुढच्या पुढं रामनाम घ्यायला लागली. आजोबांनी मान वळवली नाही.

दवाखान्यात सुटका झाली. मुलगी. बाळ-बाळंतीण दोघी वाचल्या. आजोबा बाहेर येऊन रडले. मग त्यांचं लक्ष मोटारीकडं गेलं.

मोटार सरळ उभी होती. डावी, उजवी, दोन्ही बाजू सारख्या.

सुटलो, असं त्यांना वाटलं. अव्वा उतरली होती. कुठं उतरली, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाळंतीण घरी आली. पोर खाटेवर निजलेली असली की हूं का चूं करायची नाही. भूक लागली तरी गप्प, टक लावून डावीकडं बघत. रडायची ती आईनं उचलल्यावर. आजी हे सांगताना म्हणायची, "मी जन्म दिला, पर माझी मांडी तिला परकीच वाटली." आणि पदर डोळ्याला लावायची. आजोबांनी खाटेचा सुंभ कितीदा ओढून बांधला. डावी बाजू दोन दिवसांत खाली यायची.

ती मुलगी म्हणजे माझी आई.

मी तिला विचारलंय. ती उत्तर देत नाही, वेड्या म्हणते आणि विषय बदलते. मीही जास्त ताणत नाही. खरं सांगतो, मला भीती वाटते.

परवा तिला बरं नव्हतं. दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली. आई आत चढली आणि उजवीकडं सरकून बसली. मी शेजारी बसायला गेलो तर तिनं हात आडवा धरला.

"तू पुढं बस," म्हणाली.

मी पुढं बसलो.