काळ्या वाळूतला पांढरा रंग

खोटं बोललात तुम्ही, साहेब. आडशेतच्या धक्क्यावर बोर्ड तुम्हीच ठोकलात, ‘या वाळूवर इथे प्रक्रिया शक्य नाही’. त्याच बोर्डाखालून काळी वाळू जहाजात भरभरून परदेशी धाडलीत. कुणी करून पाहिलं होतं? कधी?

रेवा खडपेला मात्र राग आला होता तो रंगाच्या डब्याचा. नारळी पुनवेआधी होडी रंगवून तिचं नाव पांढऱ्या रंगात लिहायची खडप्यांची रीत. यंदा परदेशातून रंगच आला नाही. होडी बिननावाची उभी! आणि गेल्या सालच्या रिकाम्या डब्यावर छापलेलं, ‘मूळ खनिज : आडशेत’.

“आत्या, आपली वाळू तव्याच्या बुडासारखी काळी. रंग पांढरा कसा?”

ललिताआत्या धातुशास्त्रज्ञ (खनिजातून धातू कसे सोडवायचे ते शोधणारी). बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात तिची भट्टी होती.

“यात इल्मेनाइट आहे गो (लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन एकत्र असलेलं खनिज). लोखंड काढलं की टायटॅनियमच्या पांढऱ्याची वाट मोकळी. पण परवा वाळूची जनसुनावणी. काही दाखवता आलं नाही, तर उरला ढीगही जहाजात.”

रेवाने हळूच एक वाडगं पाठीमागे लपवलं. कारण तिने आधीच एक उद्योग करून ठेवला होता. कोकमाने तांब्या लखलखतो, म्हणून तिने मूठभर वाळू कोकमाच्या आगळात भिजत घातली होती.

“सरबत छान झालंय,” कुर्ली म्हणाली. कुर्ली म्हणजे आत्याचा आठ पायांचा यंत्रमानव. “वाळू आहे तशीच. साखर घालू?”

“गप गो तू!”

आत्या हसली. “विचार चुकीचा नाही. आंबटपणा कमी पडला. जहाल आम्ल चालेल, पण सांडलं तर खाडीतली मासळी मरेल.”

तिने वाळू कोळशाबरोबर भट्टीत भाजली. तापलेल्या कोळशाने लोखंडाला चिकटलेला ऑक्सिजन ओढून घेतला. आता कणाकणात निखळ लोखंड होतं. पण कण न मोडता ते बाहेर काढायचं कसं? आत्या डोकं खाजवत बसली.

रेवा दारातून होडीकडे बघत होती. एका फळीला नुसतं भोक होतं. खिळा केव्हाच गंजून गळून गेला होता.

“आत्या, खिळा! फळी धड राहते, खिळा तेवढा जातो. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजतंच ना?”

आत्या ताडकन उठली. पाण्यात तिने नवसागर टाकला (कल्हई करताना वापरतात तो क्षार), म्हणजे गंज कणातच अडकून न बसता बाहेर पडतो. कुर्लीने दिवसभर पाण्यात हवा फुंकली. संध्याकाळी पाणी लालभडक. गाळ ओतून काढला, तर खाली फिकट तपकिरी कण.

“पांढरे कुठायत?” रेवाचं तोंड उतरलं.

“अजून नाहीत. क्लोरीन वायूने याची वाफ करायची, ती शुद्ध करायची, मग ऑक्सिजनमध्ये जाळायची. तेव्हा पांढरी भुकटी. त्याला कारखाना लागेल, आणि तो नीट सांभाळावा लागेल. पण पहिली पायरी इथेच झाली.”

“आणि हा लाल गाळ?”

“तूच सांग.”

रेवाने गाळ वाळवला, जवसाच्या तेलात घोटला आणि ब्रश उचलला.

सुनावणी धक्क्यावरच भरली. वाळू परदेशी धाडणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी बोर्डावरचंच वाक्य वाचून दाखवलं. रेवाने त्यांच्या टेबलावर तपकिरी कणांची बरणी ठेवली.

“हे आडशेतमध्ये झालंय, साहेब. यातून जो गंज निघाला, त्यानेच होडीवर नाव लिहिलंय. बघा.”

सगळ्यांनी माना वळवल्या. होडीवर लाल अक्षरं होती, थोडी वाकडी : ‘दर्यासखी’.

“पुढच्या पुनवेला मला हे पांढऱ्यात लिहायचंय. आडशेतच्या पांढऱ्यात.”

साहेब घड्याळाकडे बघू लागले. मागे जहाजाचा भोंगा वाजला. कुर्ली ढिगासमोर आठही पाय रोवून उभी राहिली.

“घड्याळ नंतर बघा, साहेब,” रेवा म्हणाली. “वाळू थांबवताय की नाही? उत्तर द्या.”