चिऱ्यावर राहिलेलं

सकाळी उठल्याबरोबर टाकीतल्या पाण्याचं मीठ तपासायचं आणि मग बाबांचा चहा ठेवायचा, हा रेवती साटमचा सहा वर्षांचा क्रम होता. चहा एक वेळ विसरला तरी चालत असे, मीठ विसरून चालत नसे, कारण बाबांची सगळी आठवण त्या टाकीत होती.

उल्हासराव साटमांना विस्मृतीचा आजार जडला तेव्हा स्मृतिप्रवाळाचा उपचार नुकताच घरोघर पोचला होता. मऊ प्रवाळ हा समुद्रातला प्राणी. त्याला दगडी सांगाडा नसतो. ओल्या चामड्यासारखं अंग, वर बोटांसारख्या फांद्या आणि खाली खडकाला घट्ट धरून बसलेला पाय. त्याच्या अंगात माणसाच्या चेतापेशी वाढवता येतात हे कळलं आणि झिजणाऱ्या मेंदूची आठवण शरीराबाहेर ठेवायची सोय झाली. कानामागे बसवलेली मसुराएवढी चकती मेंदू आणि प्रवाळ या दोघांमध्ये निरोप्याचं काम करी. टाकीजवळ एक बिनतारी बोलपेटी असे. प्रवाळाची तब्येत कळावी म्हणून त्याच्यात उमटणारे शब्द ती ऐकवी. उल्हासरावांची पेटी दिवसभर पुटपुटायची आणि ते आरामखुर्चीतून तिच्यावर मालवणीत खेकसायचे.

प्रवाळ चिनी मातीच्या बशीवर लावायचं, असा नियम होता. इथेच रेवतीने घोळ घातला. गावची विहीर नव्या रस्त्याखाली गेली तेव्हा बाबांनी तिच्या काठाचा लाल जांभ्या दगडाचा एक चिरा पुण्याला आणला होता. आपल्या चिऱ्यावर बाबांचं मन जास्त रमेल असं तिला वाटलं. कोकणातल्या माणसाला जांभ्यात वावगं काही दिसतच नाही. पण जांभ्यात लोखंड ठासून भरलेलं असतं, आणि ते प्रवाळाला विष. सहा वर्षांनी ते खाऱ्या पाण्यात उतरू लागलं, पाणी तांबूस झालं, प्रवाळाच्या फांद्या मिटल्या आणि एका सकाळी बाबांनी मुलीला विचारलं, "बाई, आपण कोण?"

प्रवाळतज्ज्ञ डॉक्टर लवीना फर्नांडिस त्याच दुपारी आल्या. चिरा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, पण त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर रेवतीला बरं वाटलं असतं.

"पूर्ण सोडवून घेता येणार नाही का?" रेवतीने विचारलं.

"बशीवर असतं तर नखानेसुद्धा सुटलं असतं. इथे पाय चिऱ्याच्या भोकाभोकांत शिरलाय. ओढलं तर फाटेल, आणि एकदा सडायला लागलं की दोन दिवसांत सगळं जाईल. पायाच्या वरून कापलं तर बाकीचं वाचेल."

"आणि पायात काय आहे?"

प्रवाळ खालून वर वाढतं, डॉक्टरांनी सांगितलं. आठवणी भरताना सगळ्यांत जुन्या आधी भरल्या होत्या. पायात पहिली सहा-सात वर्षं असणार.

"बाबा सहा वर्षांचे असताना आजी गेली, त्यांची आई," रेवती म्हणाली.

बाबा खिडकीशी बसून स्वतःच्या हाताकडे परक्यासारखे पाहत होते. लहानपणचं असं कोणाला कितीसं आठवतं, अशी तिने मनाची समजूत घातली आणि 'कापा' म्हणाली. त्या एका शब्दाचं ओझं तिला तेव्हाच जाणवलं.

डॉक्टरांनी टाकीचा पंप बंद केला, प्रवाळ अंग चोरून लहान होईपर्यंत वाट पाहिली आणि पातळ पात्याने हळूहळू ते कापून घेतलं. बुळबुळीत अंगावर डिंक टिकत नाही, म्हणून बशीवर ठेवून वरून सैल जाळी बांधली. चिरा उन्हात वाळवून टाका, असं जाताना त्यांनी दोनदा बजावलं.

चौथ्या दिवशी फांद्या उमलल्या आणि बाबांनी रेवतीला नावाने हाक मारली. ती रडली. बाबांना सगळं आठवत होतं. नोकरी, लग्न, तिचे दहावीचे गुणसुद्धा. फक्त मालवणी गेली होती. जन्मभर घरात मालवणी बोललेला माणूस पाठ्यपुस्तकातल्यासारखं बोलू लागला. भिंतीवरच्या आजीच्या फोटोला ते रोज फूल वाहत. आता त्यांनी तो फोटो कोणाचा आहे, असं अगदी सभ्यपणे विचारलं.

चिरा मात्र रेवतीच्याने टाकवला नाही. तिने तो खाऱ्या पाण्याच्या बादलीत गॅलरीत ठेवला होता. बाराव्या दिवशी ती संध्याकाळची भाजी निवडत असताना बोलपेटीतून आवाज आला. आवाज बारीक, आईला शोधणाऱ्या मुलाचा होता.

"आये, खंय आसस?"

रेवती गॅलरीत धावली. चिऱ्यावर नखाएवढ्या तीन फांद्या फुटल्या होत्या.

तिने डॉक्टरांना फोन लावला. मऊ प्रवाळाचं असंच असतं, मागे राहिलेल्या पायातून पुन्हा अख्खा प्राणी उभा राहतो, म्हणून तर चिरा वाळवायला सांगितला होता, असं त्या म्हणाल्या. परत बाबांना जोडता येईल का, असं रेवतीने विचारलं. नाही, बारा दिवस वेगळं जगल्यावर ते आता वेगळं झालं होतं. मग निदान त्याला बशीवर घेता येईल का? इतका पातळ थर चिऱ्यावरून सुटायचा नाही. उन्हात ठेवलं तर तासाभरात संपेल. तसंच ठेवलं तर लोखंड त्याला महिनाभरात संपवील.

"त्याला किती कळतंय?" रेवतीने विचारलं.

"सहा वर्षांच्या मुलाला कळतं तितकं," डॉक्टर म्हणाल्या.

"आये, माका भिया वाटता," पेटी म्हणाली.

रेवती पेटीशी वाकली. मालवणी तिला कळे, बोलता धड येत नसे. तरी ती म्हणाली, "मी हयसर आसय रे." पण पेटी फक्त ऐकवायची. तिच्यातून प्रवाळाला काही सांगायची सोय कोणी केली नव्हती. मी इथे आहे, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि पेटी आयेला हाका मारत राहिली.

आरामखुर्चीत उल्हासराव अस्वस्थ होऊन पुढे सरकले.

"रेवती, कोणाचं मूल आहे गं ते?" त्यांनी विचारलं. "कधीचं रडतंय. त्याच्या आईला बोलाव ना कोणीतरी."