रिकामं फंक्शन

घानात ताकोराडीच्या बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये अराबा आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेला मासा खात संगणकावर चिपचा मूळ प्रोग्राम, कर्नेल, बांधत होती. अंगात शोकाचा काळा कपडा. वडील अजून शवागारात होते. लंडनचे काका आले की दफन. बाहेर इस्पितळाचा ड्रायव्हर थांबला होता. नवजात बाळांची ऊबपेटी नव्या चिपवर चालू झाली की तो ती नेणार होता. तिकडे वॉर्डात दोन बाळं एकाच पेटीत निजवली होती.

चिपला जागं करणारी असेंब्ली भाषेतली फाइल वडिलांची. पुढचं सगळं सी भाषेत, अराबाचं. त्यांचा कोड नावानं हाक मारी, तिचा ओ देई. दोघांची गाठ घालून देणं लिंकर या प्रोग्रामचं काम.

आज लिंकर अडला. वडिलांच्या बाजूनं एका फंक्शनला हाक होती आणि ते कुठंच नव्हतं. नाव घरच्या फान्ती भाषेत होतं: दार उघड.

"पुसलंस की काय?" क्वेकूमामानं सोल्डरिंगवरून मान न उचलता विचारलं.

"असलं नाव कधी नव्हतंच, मामा."

तिनं वडिलांची फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. तिच्यात ती हाक नव्हती. सगळं नव्यानं बांधलं. लिंकरनं तेच नाव मागितलं.

"रिकामं फंक्शन टाकते. गप्प बसेल."

"याच्यावरूनच तुझा बाप तुला शिव्या घालायचा." मामानं मान वर केली. "पोरी, बाहेरून हाक आली तर आधी तोंड बघावं, मग ओ द्यावी."

"लिंकरला कुठलं तोंड, मामा."

तिनं ते नाव लिहिलं. पुढे दोन कंस, आत काही नाही.

गाठ जुळली. पेटी सुरू झाली. पडद्यावर आतलं तापमान उमटलं: चार अंश. वडिलांना ठेवलेल्या खोलीच्या दारावर हाच आकडा होता.

वर्कशॉपमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या.

आकडा चढू लागला. नऊ. वीस. सदतीसवर थांबला, जिवंत अंगाच्या उबेवर.

मामानं सेन्सरची तार उपटली.

सदतीसच.

"काढ ते," तो हळू म्हणाला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

अराबानं फंक्शन पुसलं, पुन्हा बांधायला घेतलं आणि लिंकर अडण्याची वाट बघत बसली.

तो अडला नाही.

मामानं तार जोडली. एकतीस अंश, खोलीइतकंच. पेटी ठाकठीक चालत होती. मामा ती उचलून गाडीकडे गेला.

अराबानं आणखी एकदा बांधून पाहिलं. ते नाव आता कुणी मागत नव्हतं.