आधी आलेला पडसाद

माझा भाऊ मेरिट याला मोठ्या सांगाड्याच्या जुन्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरांचा नाद होता. आमच्या आयडाहोतल्या डोंगराळ भागात घरोघरी बंदूक असते, त्यात नवल काही नाही. पण नवी, हलकी, प्लास्टिकच्या मुठीची पिस्तुलं मेरिटला खेळण्यातली वाटत. हातात वजन हवं, वजनच धक्का गिळतं, असं तो म्हणे. रविवारी दुपारी एकेक हत्यार काढून तेलाच्या फडक्याने पुसायचा, काडतुसांची रिकामी चक्री कानाशी धरून फिरवायचा आणि ती जागच्या जागी बसतानाचा बारीक टक् ऐकत राहायचा. चर्चमध्ये तो इतका शांत कधी बसला नाही.

मी जन्मभर मोजणी खात्यात काम केलं. मेरिटची बायको गेल्यावर त्याच्याकडे राहायला आले. शनिवारी आम्ही दोघं आणि शेजारचा अ‍ॅन्सल, त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, असे खडीच्या बंद पडलेल्या खाणीवर नेमबाजीला जायचो. खाणीपलीकडे नदी, नदीपलीकडे उभा कडा. बार काढला की श्वास घ्यावा इतक्या वेळाने पडसाद यायचा. लांब अंतराला आवाज किती वेळ घेतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या सप्टेंबरात मेरिटने चॅलिस गावातल्या एका विधवेकडून एक रिव्हॉल्व्हर आणलं. लांब नळी, अक्रोडाची मूठ, पोलादावर अशी गडद निळी झाक की त्यात तोंड दिसावं. बाईच्या नवऱ्याने ते हौसेने घेतलं होतं आणि थोड्याच दिवसांत फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

पहिल्या शनिवारी मेरिटने ते उडवलं तेव्हा पडसाद बाराला चिकटूनच आला. मी वाऱ्याला दोष दिला.

पुढच्या खेपेला मेरिटने नेम धरला, पलीकडचा कडा कडाडला, आणि मग याच्या नळीतून जाळ निघाला. अ‍ॅन्सल हसला. म्हणाला, पलीकडे कोणी मेरिटपेक्षा चपळ गडी दिसतो. मी दुर्बिणीतून कडा पाहिला. गवताखेरीज काही नव्हतं. मग अ‍ॅन्सलने आपलं, त्याच मापाचं रिव्हॉल्व्हर उडवलं. त्याचा पडसाद नेहमीसारखा, मागून आला.

"जमिनी मोजून झाल्या, आता आवाज मोजायला लागली का बाई?" मेरिटने मला चिडवलं. पण त्याचे डोळे हसत नव्हते.

दर शनिवारी पडसाद बाराच्या आणखी आधी येत गेला. एकदा तो काडतुसं भरत असतानाच कडा वाजला. मी म्हटलं, आज उडवूच नकोस, बघू काय होतं. त्याने रिव्हॉल्व्हर ट्रकच्या फळीवर ठेवलं. आम्ही सँडविच खाल्ले, कॉफी घेतली. निघताना मेरिटने ते उचललं, चक्री उघडून काडतुसं काढायला गेला, आणि त्याच्या हातात ते उडालं. गोळी त्याच्या बुटाशेजारच्या खडीत घुसली.

घोडा चढवलेला नव्हता. चापाला बोट लागलं नव्हतं. मी समोरच उभी होते, डोळ्यांनी पाहत होते.

त्यानंतर मेरिटने ते रिकामं करून कपाटात कुलुपात ठेवलं आणि खाणीवर जाणं बंद केलं. त्याबद्दल बोलायचंही नाही असं न बोलताच ठरलं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मेरिट टेबलाशी बसून चष्मा पुसत होता. तेव्हा बार झाला. कड्यावरचा नव्हे. बंद खोलीत होतो तसा, भिंतींनी दाबलेला. शेल्फावरचे कप थरथरले. मग खुर्ची फरशीवर पडल्याचा आवाज आला. टेबलाच्या सगळ्या खुर्च्या जागेवर उभ्या होत्या.

मग एका बाईने "मेरिट!" अशी हाक मारली.

तो आवाज माझा होता. माझं तोंड मिटलेलं होतं.

मेरिटने चष्मा खाली ठेवला. "तू हाक मारलीस?"

"नाही."

"मग मारू नकोस," तो म्हणाला. "या घरात तरी."

कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत रिव्हॉल्व्हर थंड आणि रिकामं.

तासाभरात आम्ही ते अ‍ॅन्सलच्या दुकानात नेलं. असं सुंदर हत्यार कापायला त्याचा जीव होईना, पण मेरिटच्या तोंडाकडे पाहून त्याने काही विचारलं नाही. गॅसच्या ज्योतीने सांगाडा तोडला, नळीचे तुकडे केले, चक्री वितळवून गोळा केली. मेरिट शेवटपर्यंत बघत होता. तुकडे आम्ही पुलावरून नदीत टाकले. बाकीची सगळी हत्यारंही त्याने आठवड्याभरात गावातल्या लोकांना देऊन टाकली. पुसायचं फडकंसुद्धा ठेवलं नाही.

खुर्च्या त्याने शेडमध्ये नेल्या. आम्ही दोघं बाकावर बसून जेवायचो. मी त्याला "अरे", "ऐकलंस का" अशी हाक मारायचे. हिवाळा गेला. बर्फ वितळलं. मेरिटचा रंग परतला, तो पुन्हा मला चिडवायला लागला, आणि मीही त्या सकाळच्या प्रकारावर विश्वास ठेवणं हळूहळू सोडून दिलं.

एप्रिलमध्ये अ‍ॅन्सल दुपारी कॉफीला आला. बरोबर त्याची तरणी शिकारी कुत्री होती, ती आल्याआल्या टेबलाखाली आडवी झाली. अ‍ॅन्सलची पाठ धरली होती, बाकावर बसवेना. थांब, तुला टेकायला काही आणतो, असं म्हणून मेरिट शेडमधून एक खुर्ची घेऊन आला.

दारातून दोन पावलं आत आला आणि थांबला. कोणी समोर येऊन उभं राहावं तसं त्याने वर पाहिलं.

खुर्ची त्याच्या हातून सुटली.

मी हाक मारली.

मी पोचेपर्यंत तो गेला होता. बार झाला नाही. मी काही ऐकलं नाही, अ‍ॅन्सलने काही ऐकलं नाही. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टरने हृदय थांबलं असं सांगितलं, आणि मी ते मान्य केलं. दुसरं काय मान्य करणार होते?

दफन झाल्यावर अ‍ॅन्सलच्या लक्षात आलं की कुत्री शिटीला वळत नाही. त्याने तिला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानात दिवा धरून पाहिलं आणि अ‍ॅन्सलला चांगलंच झापलं. तिच्या दोन्ही कानांचे पडदे फाटले होते. कुत्री शेजारी असताना, बंद खोलीत, एवढं मोठं हत्यार कोणी उडवतं का, असं तो म्हणाला.