शुक्रवारची होडी

अरुंधतीने भिरकावलेला दगड पाण्यात पडलाच नाही. टक्क असा लाकडी आवाज आला, आणि काठच्या झुडपाआडून कुणीतरी शांतपणे म्हणालं,

"आणखी दोन टाका. तीन झाले की होडीतच चूल मांडतो."

ती दचकून उभी राहिली. मुलींच्या शाळेत दिवसभर पाढे घोकून घेतले की संध्याकाळी तिच्या डोक्यात त्यांचाच गलका उरायचा. तो निवावा म्हणून ती वळवणच्या तळ्यावर येऊन बसे, पाण्यात दगड टाकी. पण झुडपाआड होडी असेल, होडीत माणूस असेल... सडसडीत, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. तिचा दगड त्याने तळहातावर असा धरला होता, जसा कुणी प्रसाद धरावा.

"लागलं का हो?"

"मला नाही. होडीला विचारावं लागेल."

"मी पाहिलं नव्हतं तुम्हाला."

"तेच तर वाईट वाटलं. पाहून मारला असतात तर..." तो थांबला. वल्ह्याचं पाणी थेंबथेंब गळत राहिलं.

शाळेची धोंडाबाई सावलीसारखी अरुंधतीबरोबर असे. ती पदर तोंडाला लावून हसली आणि बाईंच्या कानाशी लागली, "त्यो ठेसनातला तारमास्तर. दिगंबर नाव. तळेगावकडचा हाय."

दिगंबर दिवसभर तारघरात बसे. कट्ट-कड, कट्ट-कड... घरी गेलं तरी बोटं थांबत नसत, जेवताना ताटाच्या कडेवर तारा पाठवत राहत. "वल्हं हातात आलं की मात्र गप होतात," तो म्हणाला. "आम्ही स्टेशनातल्या कारकुनांनी वर्गणी काढून दोन जुन्या होड्या घेतल्यात. पलीकडच्या वाडीतला म्हातारा महिपती त्या सांभाळतो. कुणी पत्ते खेळतं, कुणी भजनाला जातं. आम्ही वल्ही मारतो."

"आणि बोटांऐवजी डोक्यात पाढे वाजत असतील तर?"

"औषध तेच. बसा की."

ती लगेच बसली नाही. तीन-चार संध्याकाळी काठावरूनच बोलली, आणि मग एकदा धोंडाबाईला पुढे घालून बसली.

वल्हवायला शिकणं म्हणजे आधी पाण्याशी भांडणं आणि मग समेट. वल्हं उथळ गेलं की तोंडावर शिंतोडे, खोल गेलं की हातातून सुटू पाही. तळहातांना फोड आले. पण शाळेत खडू धरताना ते ठणकले की तिला हसू येई, आणि मुली एकमेकींकडे पाहत. वल्हवणाऱ्याची पाठ वाटेकडे आणि तोंड सोबत्याकडे, ही होडीची रीत तर तिला फारच अवघड वाटली.

"कुठे चाललोय ते दिसायचं कसं?"

"समोरच्याला विचारायचं."

"आणि त्याने भलतीकडेच नेलं तर?"

"मग भलतीकडे जायचं," दिगंबर म्हणाला आणि उगीचच पाण्याकडे पाहू लागला.

धोंडाबाई मागच्या फळीवर डोळे मिटून, दोन्ही कडा घट्ट धरून बसे. भीती दाबायला गुणगुणे—

*ऊन गं तळ्यावर, पानी लागलं झळकाया*
*सांग बाई, मनामंदी कोन लागलं सलाया...*

"धोंडाबाई, दुसरं काही येतं का?" अरुंधती लाल होऊन विचारी.

"येतं की. पर ते याच्याहून वंगाळ हाय."

भाद्रपदाचं ऊन-सावलीचं आभाळ, डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं, आणि पाण्यावर रोजची ती होडी. सगळं असं साखरेसारखं विरघळत चाललं होतं. मधे खडा लागला तो शुक्रवारचा.

"शुक्रवारी मात्र येऊ नका," तो म्हणाला.

"का?"

"पलीकडे जायचं असतं."

"मग मीही येते. लांबवर वल्हवायची सवय होईल."

"नको..." त्याने मान खाली घातली. "एकट्यालाच जावं लागतं. आणि का ते सांगता येत नाही."

तिने विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच ते आत रुतून बसलं. पुढच्या शुक्रवारी ती तळ्याकडे गेली नाही. गेली ती तळ्यावरच्या टेकाडाकडे, धोंडाबाईच्या गुडघ्यांना व्यायाम हवा म्हणून.

खाली दिगंबर होडी सोडत होता. त्याने आधी एक गाठोडं आत ठेवलं. गाठ सैल होती. उन्हात काहीतरी हिरवं चमकलं, त्याखाली जरीकाठाची घडी.

"हिरव्या बांगड्या," धोंडाबाई डोळे बारीक करून म्हणाली. "आन खण. चोळीचा."

"आईला नेत असतील."

"आई तळेगावला, बाई. होडी चालली पल्याड."

होडी पलीकडे लागली. तिथे गुडघाभर पाण्यात एक बाई उभी होती. म्हशी धूत होती. उंच, काळीसावळी, लुगडं खोचून घेतलेली. तिने होडीची कड अशी सहज धरली, जशी घरची कडी धरावी. दिगंबरने गाठोडं तिच्या हातात दिलं. ती हसली. एवढ्या लांबूनही ते हसू तळ्यावरून उड्या मारत अरुंधतीपर्यंत आलं.

"कोण ती?"

"रतन. महिपतीची सून. नवरा मुंबईला गिरनीत. पवायला मासोळी, आन बोलायला..." धोंडाबाईने बाईंचा चेहरा पाहिला आणि पुढचं गिळलं.

त्या दिवसापासून रतन अरुंधतीच्या घरी राहायला आली. आरशात आली. आपले हात फार गोरे, फार बारीक वाटू लागले. वर्गात एका मुलीने हिरव्या बांगड्या घातल्या होत्या, तिला विनाकारण उभं केलं. वाण्याच्या दुकानात कुणी मोठ्याने हसलं तरी तिची मान वळे. आपण पुण्याच्या, शिकलेल्या, चार लोकांत मान असलेल्या. आणि आपण एका म्हशीवालीवर जळतो? जळत होती. चुलीतल्या ओल्या लाकडासारखी, धुरानेच जास्त.

शनिवारी ती होडीत बसली, पण वल्हं धरलं नाही.

"हात दुखतात?" दिगंबरने विचारलं.

"नाही. पलीकडच्या काठाला पाणी जास्त गोड असेल ना?"

"पाणी एकच आहे, बाई."

"पाणी एक असेल. काठ दोन आहेत."

तो वल्हवत राहिला. त्याला काही बोलायचं होतं. ओठांपर्यंत येऊन परत जात होतं, हे तिला समोरच बसल्यामुळे स्पष्ट दिसत होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "शुक्रवारचा एकच फेरा राहिलाय. त्यानंतर सगळं सांगेन. तोवर माझ्यावर राग धरा, पण तळ्यावर धरू नका."

"एकच फेरा" म्हणजे काय, हे तिने रात्रंदिवस उलटसुलट करून पाहिलं. एका फेऱ्यानंतर तो रतनला सोडणार, की आपल्याला?

शुक्रवारी शाळा सुटली तेव्हा तिने डोक्याला तेलसुद्धा लावलं नाही. धोंडाबाईला न सांगता निघाली. दिगंबरची होडी केव्हाच तळ्याच्या मध्यावर पोहोचली होती. महिपती काठावर दोर वळत बसला होता.

"आबा, दुसरी होडी द्या."

"एकली? न्हाई गं माय. वारं फिरलंय. आन आज तर न्हाईच."

"आज का नाही?"

म्हाताऱ्याने जीभ चावली. तेवढ्याने तिचा उरलासुरला धीर सुटला. तिने पदर खोचला, होडीचा दोर सोडला आणि महिपती उठेपर्यंत पाण्यात गेलीसुद्धा.

रागाला वल्हं छान धरता येतं, असं तिला आधी वाटलं. काठ झरझर मागे गेला. पण पलीकडचं काही दिसेना. पाठ तिकडे, तोंड महिपतीच्या वर केलेल्या हातांकडे. म्हणून ती सारखी मान वळवून पाही. एकदा पाहिलं: रतन डोक्यावर गाठोडं घेऊन चालली आहे. पुन्हा पाहिलं: दिगंबर तिच्या मागे. तिसऱ्यांदा वळली तेव्हा वाऱ्याची झोड आडवी आली, होडी कलली, आणि उजवं वल्हं हातातून निसटून पाण्यावर दूर दूर जाऊ लागलं.

एका वल्ह्याने होडी फक्त गोल फिरते. डोंगर फिरला, सोनकी फिरली, महिपती फिरला. तिला पोहता येत नव्हतं. ओरडायची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती मोठी झाली तेव्हा तिने दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरल्या.

मग पाणी कापत काहीतरी आलं. आधी काळा अंबाडा, मग हिरव्या काकणांचा हात. हात होडीच्या कडेला लागला आणि होडी फिरायची थांबली.

"गप बसा बाई. हलू नगा. मास्तरीन ना तुमी? पोरींना सांगता तसं, हाताची घडी घाला."

रतन होती. दुसऱ्या हातात वल्हं.

मागून दिगंबर त्याच्या होडीतून आला. तो इतका पांढरा पडला होता की अरुंधतीला स्वतःची भीती विसरायला झालं.

"कशाला आलात?" त्याचा आवाज फुटला. "आज... एकट्या... पोहता येत नाही तुम्हाला."

"तुम्ही कशाला येता, ते पाहायला."

रतनने पाण्यातूनच एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि खो खो हसली. "अगं बया. ह्याच व्हय त्या? तारबाबू, आन माज्यावर जळत जळत आल्यात वाटतं. म्हून वल्हं एवडं जोरात चाललं."

अरुंधतीला वाटलं, बुडाले असते तर बरं.

काठावर आल्यावर रतनने केसांचं पाणी पिळलं आणि करंजाच्या झाडाकडे बोट केलं. झाडाखाली ओळीने सात दगड, शेंदूर लावलेले. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू, नारळ.

"साती आसरा," ती म्हणाली. "पान्यातल्या बहिनी. लय मत्सरी. देखनी पोर पान्यावर हसताना दिसली का त्यांचं पित्त खवळतं, बोलावून घेत्यात. मामंजींनी सांगितलं ह्यास्नी. मग ह्यो दर शुक्रवारी ओटीचं सामान आनतो आन म्या भरते. बाप्या मानसाला ओटी भरता येत न्हाई, सवाशीन लागती. आन जिच्यासाटी ओटी, तिला फेरं पुरं होईस्तोवर सांगायचं न्हाई. पर आता सांगितलं म्याच. शेवटचीच व्हती."

अरुंधतीने दिगंबरकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"तुम्ही... तारघरात काम करणारे. विजेवर बोलणारे. तुमचा विश्वास आहे यावर?"

"नाही."

"मग?"

"मी गेली तीन वर्षं या तळ्यात होडी घालतोय. कधी नारळ फोडला नाही. माझ्यापुरतं मला काही वाटत नाही." त्याने मान वर केली. "पण तुम्ही होडीत बसलात, तुम्हाला पोहता येत नव्हतं, आणि महिपती म्हणाला... तुमच्या बाबतीत मला विश्वास न ठेवायचं धाडस झालं नाही."

वारा पडला होता. तळं गप्प झालं होतं. रतन तिकडे तोंड करून दगडांपुढे बसली आणि जुनं काहीतरी सावकाश म्हणू लागली—

*साती गं बहिनींनो, निळ्या पान्याच्या तुमी रानी*
*हिरवा चुडा घ्या गं, नका मागू लेक कुनी...*

"हितं या बाई," ती न वळता म्हणाली. "आता आलाच हायसा तर पाया पडा. आन माजा धनी दिवाळीला येतोय. त्याला सांगेन, एक मास्तरीन माज्यावर जळली. लय खूश व्हईल त्यो."

अरुंधतीने नमस्कार केला, सातही दगडांना. मग तिने रतनचे ओले हात धरले, आणि म्हणाली, "मला पोहायला शिकवाल?"

"शिकवीन की. पर ह्या तारबाबूला काठावर उबा करायचा न्हाई."

परत निघाले तेव्हा होडी एकच वल्हवली. दुसरी मागे दोराने बांधली. वल्ही दिगंबरच्या हातात होती. समोर ती, ओला पदर खांद्यावर.

"म्हणजे माझ्या नावाने इतके खण, इतक्या बांगड्या," ती म्हणाली, "आणि सगळ्या त्यांना."

दिगंबरचं वल्हं हवेतच राहिलं. "आता आसरांवर जळताय?"

"सात जणी आहेत. रतन एकटी होती, ते बरं होतं. मला काय आणलंत तुम्ही?"

"तुमची ओटी मला भरता येणार नाही," तो म्हणाला. "ऐकलंत ना, सवाष्ण लागते." त्याने वल्ही सोडून दिली, होडी आपोआप, हलकेच पुढे सरकत राहिली. "माझी आई आहे. तळेगावहून येईल, तुम्ही म्हणाल त्या दिवशी. खण तिने कधीचा घेऊन ठेवलाय, नुसतं कुणासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. ...येऊ दे?"

अरुंधतीने पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं, दिवसभराच्या उन्हाचं.

"आधी पुण्याला आमच्या घरी कळवावं लागेल."

"उद्याच तार करतो."

"तार नको. आमच्याकडे तार आली की आई न वाचताच रडायला लागते. तुम्ही स्वतः जा."

"आणि माझ्या आईने विचारलं, मुलगी कशी आहे स्वभावाने, तर?"

"सांगा, मत्सरी आहे," ती म्हणाली, आणि सोडलेली वल्ही तिने स्वतःच्या हातात घेतली.