मागचा थर

तुरुंगात काच न्यायला बंदी होती, म्हणून आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाट्यांवर रंगवायचो. ओल्ट नदीकाठच्या त्या तुरुंगात मला सहा आठवड्यांसाठी चित्रकार म्हणून बोलावलं होतं. रोज दहा ते बारा, सात कैदी. शिकवायची होती ती आमच्याकडची जुनी काचेवरची चित्रं. ती मागच्या बाजूने, उलट्या क्रमाने रंगवतात. आधी बारीक रेषा: पापण्या, बोटं, कपड्याच्या चुण्या. मग रंग. सगळ्यात शेवटी मागचा थर. तो चढेपर्यंत रंगांतून पलीकडचं दिसत राहतं.

मला अडीच वर्षांची मुलगी आहे, हे मी आत कुणाला कळू दिलं नव्हतं. अंगठी घरी काढून ठेवायचे. बाहीवर दुधाचा डाग नाही ना, हे फाटकापाशी दोनदा बघायचे. सावीना तेवढा वेळ घरमालकिणीकडे, वेतुरियामावशीकडे असायची.

सगळे कैदी पाटीखाली नमुन्याचा कागद ठेवून गिरवत. दुसऱ्या सोमवारी गाव्रिलच्या पाटीखाली नुसतं टेबल होतं, आणि तो मन लावून गिरवत होता.

"कागद कुठंय?"

"आहे की खाली, बाई. दिसत नाही तुम्हाला?"

"ह्याला तरी चष्मा द्या, नाहीतर आम्हाला तरी!" शेजारचा पिंत्या म्हणाला. सगळे हसले. गाव्रिलने मान वर केली नाही. एक लहान मूल उमटत होतं.

त्या दुपारी मावशी कौतुकाने म्हणाली, "काय गुणी पोर गं तुझी! दहाला खुर्चीत बसली ती बारापर्यंत हलली नाही. नाकावर माशी बसली, तरी नाही."

"झोपली होती का?"

"छे! टक्क जागी."

सावीना पाच मिनिटं एका जागी ठरत नाही. मी तिचा ताप पाहिला. नव्हता.

मंगळवारीही तेच.

बुधवारी मी गाव्रिलच्या पाटीवर वाकले. कपाळावर सावीनाचाच केसांचा भोवरा. डाव्या कानाच्या पाळीला जन्मापासूनची खाच. चेहरा, हात, फ्रॉक, सगळ्यांत रंग भरून झाले होते.

"कोण आहे ही?"

"मी कशाला विचारू? बसते बिचारी गप."

"पाटी इकडे दे."

त्याने ब्रश पुसला, हळूच खाली ठेवला. "मागचा थर तेवढा राहिलाय, बाई. उद्या करतो. अर्ध्यावर नका नेऊ."

मी पाटी ओढून घेतली. 

पाटी पुसून टाकायला हात धजेना. कपाटात पालथी ठेवून मी कुलूप लावलं. फाटकापाशी फोन परत मिळाला, तसा आधी मावशीला लावला.

"अगं, मघाशीच उठली! एकदम पळत सुटली. आता कोंबड्यांच्या मागे आहे."

 मग पहारेकरी मोगाकाकांना म्हटलं, "गाव्रिलला वर्गात पाठवू नका."

"काही बोलला का वेडंवाकडं?"

"नाही."

"मग?"

"नका पाठवू, काका."

"बरं. तसंही उद्या पहाटे त्याला हलवतायत. कुठं, ते आम्हालाही सांगत नाहीत. सुटलात तुम्ही."

गुरुवारी मी रजा काढली. घड्याळात दहा वाजले, तेव्हा मी पोरीकडे बघत बसले होते.

सावीना खुर्चीत बसली नाही. तिने दूध सांडलं, चमचा फेकला, बूट नको म्हणून किंचाळली. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

सव्वादहाला ऊन खिडकीतून टेबलावर आलं. तिला मांडीवर घेऊन मी मामालिगाचा, मक्याच्या घट्ट लापशीचा, घास भरवला.

"अजून," ती म्हणाली आणि तळहात टेबलावर आपटला.

हात तसाच राहिला, उन्हात, सपाट.

टेबलक्लॉथवर मावशीने भरलेली लाल फुलं होती. तिच्या हाताखालची दोन मी हाताच्या आरपार पाकळीन् पाकळी मोजू शकत होते.